ऐकून घेणारा कोण? : चेकॉव्ह यांची ‘तोस्का’

सामान्य माणसाचे एकाकीपण हा आधुनिक लघुकथेचा नित्याचा विषय आहे. अंतोन चेकॉव्ह (१८६०-१९०४) यांची १८८६ साली प्रसिद्ध झालेली ‘तोस्का’ ही कथा या विषयाच्या मुळाशी जाते, असे आमचे मत आहे.

आयोना पोतापोव हा पीटर्सबर्गमधील घोडागाडीवान. त्याचा तरुण मुलगा त्याच आठवड्यात तापाने वारला आहे. ते दुःख कोणाला तरी नीट, क्रमवार सांगावे, एवढीच त्याची इच्छा. गाडीत बसलेला लष्करी अधिकारी डोळे मिटून घेतो. दरवान त्याला पुढे हाकलतो. मुक्कामावरचा तरुण गाडीवान पाणी पिऊन झोपी जातो. अखेरीस तबेल्यात आयोना आपल्या घोडीलाच सारे सांगतो.

हा शेवट वाचकाच्या मनात घर करतो. आम्हांस मात्र मधला एक प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. गाडीतील तीन तरुणांपैकी एक कुबडा आहे. मुलाच्या मृत्यूचा उल्लेख ऐकताच मरण कोणास चुकले आहे, अशा अर्थाचे तो बोलतो आणि लगेच गाडी जोरात हाकण्यास फर्मावतो.

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे किसा गोतमीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. तिलाही अंती हेच सत्य उमगले. मग कुबड्याच्या बोलण्यात उणे काय? भगवान बुद्धांनी गोतमीला अनित्यतेचे वचन ऐकवून वाटेस लावले नाही. ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरची मोहरी आणावयास त्यांनी सांगितले. ती दारोदार हिंडली. तिचे मागणे ऐकले गेले आणि घरोघरी तिला तेथल्या मृतांविषयी कळले. आयोनाही असाच माणसामागून माणूस शोधतो, परंतु त्याच्यासाठी एकही दार उघडत नाही. सत्य तेच, एके ठिकाणी ते करुणेने उमगते, दुसऱ्या ठिकाणी ते तोंड बंद करण्यासाठी वापरले जाते.

दोष केवळ वरच्या वर्गाचा आहे, असेही चेकॉव्ह म्हणत नाहीत. झोपी जाणारा गाडीवान आयोनाच्याच धंद्यातला आहे. समान कष्ट भोगणारे आपोआप एकमेकांचे होतात, हा भाबडा समज ही कथा मोडून काढते.

कथेत उपाय सांगितलेला नाही, हा आक्षेप आम्ही गौण मानतो. आपल्याकडेही शोकप्रसंगी अनित्यतेची गाथा म्हटली जाते. ती म्हणण्यापूर्वी शोकग्रस्ताचे आपण किती ऐकून घेतले, हा प्रश्न ‘तोस्का’ आपणांस विचारते. थेरीगाथेत किसा गोतमीच्या गाथांचा आरंभ कल्याणमित्रतेच्या प्रशंसेने होतो, हे या संदर्भात ध्यानी घेण्यासारखे आहे.