यवतमाळ आणि सहा प्रश्नचिन्हें

संगणकास अक्षरें कळत नाहींत. कळतात ते केवळ अंक. म्हणून त्याच्या स्वाधीन केलेला प्रत्येक मजकूर कोणत्या तरी संकेतानें, म्हणजे एन्कोडिंगनें, बाइटांत उतरवावा लागतो. संकेताची ही निवड कारागिरांची खाजगी बाब आहे, अशी सुशिक्षितांचीहि समजूत दिसते. ती कितपत साधार आहे, हें एका नांवावरून पाहूं.

'यवतमाळ' हा शब्द घ्या. काना निराळा धरल्यास त्यांत ६ चिन्हें आहेत. १९९१ च्या भारतीय 'इस्की' संकेतांत तो ६ बाइटांत मावतो. युनिकोडच्या यूटीएफ-१६ मध्यें त्यास १२ बाइट लागतात, यूटीएफ-८ मध्यें १८. काटकसरी मनुष्य इस्कीचा पक्ष घेईल. परंतु इस्कीनें देवनागरी, बंगाली, तमिळ इत्यादि लिपींस तेच अंक वांटून दिले; अभिप्रेत लिपि कोणती, हें वेगळें सांगावें लागे. युनिकोडनें प्रत्येक लिपीस स्वतंत्र अंक दिले. जागेचा खर्च वाढला खरा, पण संदिग्धता गेली. हा व्यवहार आम्हांस फायद्याचाच वाटतो.

खरा दोष संकेतांचा नसून मौनाचा आहे. कित्येक प्रोग्रॅम मजकुराचे बाइट करतांना संकेताचें नांवच घेत नाहींत. यंत्राचा रूढ संकेत मुकाट्यानें पत्करतात. 'जावा' भाषेंतहि हीच रीत होती. २०२२ सालच्या अठराव्या आवृत्तीनें मात्र यूटीएफ-८ हाच तिचा सर्वसाधारण संकेत ठरविला.

या मौनाचे परिणाम दोन प्रकारचे. यूटीएफ-८ मधील मजकूर भलत्या संकेतानें वाचला, तर एका 'य'च्या जागीं तीन परकीं चिन्हें दिसतात. हा वाचनाचा दोष. मूळ बाइट शाबूत असतील तर तो सुधारतां येतो. परंतु इंग्रजीकरितां योजलेल्या 'आस्की'त देवनागरीस स्थानच नाहीं. तींत हा शब्द उतरविला, तर पुष्कळदां सहा प्रश्नचिन्हें लिहिलीं जातात. 'नागपूर' लिहिलें असतें, तरीहि सहाच उमटलीं असतीं! मग मूळ गांव कोणतें, हें कोणता पंडित सांगणार? १९७३ व २०१९ सालीं जेथें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनें भरलीं, त्या गांवाचें नांवहि असें कायमचें पुसलें जाऊं शकतें.

ग्रंथालयांच्या याद्या, शाळांचे दाखले, शेतकऱ्यांचीं नांवें आज यंत्रांत जात आहेत. तें काम करणारांस वाचकांनीं एवढेंच विचारावें, कीं संकेत कोणता योजला, आणि तो कोठें नमूद केला आहे? उत्तर न मिळाल्यास तें काम अपुरें समजावें.