ढाल आणि मेस्त

कलावंत निवर्तला की त्याच्या नावे पारितोषिक ठेवावे, ही आपली रूढ रीत. तीत कृतज्ञता असते आणि ती खोटी नसते. पण तरुण वादकाच्या पदरात त्यातून काय पडते, हे सहसा कोणी पाहत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्धा जिल्ह्यातील एका स्मृतिस्पर्धेत मला परीक्षक म्हणून बसवले होते. व्हायोलिन वाजवणाऱ्या एका मुलाला आम्ही एकमताने ढाल दिली. वर्षभराने तो भेटला, तेव्हा वाद्य पेटीत पडून होते. शिकवणारे गृहस्थ बदली होऊन गेले होते. दुसरे कोणी मिळाले नव्हते.

जॅझच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बोचतो, कारण ही कला ताफ्यात बसूनच अंगी येते. आपल्या देशात ती रुजवणाऱ्यांत गोव्याचे कॅथलिक वादक अग्रभागी होते. त्यांना घडवले ते चर्चच्या शाळेने. तेथील संगीतशिक्षकाला 'मेस्त' म्हणत. तो गावच्या मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवी, व्हायोलिन हाती देई आणि मिस्सेच्या गायनवृंदात उभे करी. त्या वाचनाच्या बळावर ही मुले मुंबईत पोटाला लागली. ताजमहाल हॉटेलात क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड अशा कृष्णवर्णी अमेरिकन वादकांचे ताफे होते; त्यांच्या सहवासात जॅझचा कान तयार झाला. हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट ह्याच पिढीतले. नागपूरच्या शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले सी. रामचंद्र यांनी त्यांना चित्रपटसंगीतात जवळ केले. 'अलबेला' (1951) मध्ये त्यांचा ताफा पडद्यावरही दिसतो. वाद्यमेळाची रचना लिहून देणाऱ्या अशा कित्येकांची नावे मात्र श्रेयनामावलीत आलीच नाहीत.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) यांचे वडील तेथील चर्चचे मेस्त. अँथनी चित्रपटांसाठी व्हायोलिन वाजवीत, रचना लिहीत आणि शिकवीत. 1958 मध्ये त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभराच्या आसपास वादक जमवून रागांवर आधारलेल्या आपल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यांत गायले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी'मधील (1977) गाण्यात गुरूचे नाव गुंफले. गुरुदक्षिणा म्हणून ते गोडच आहे. परंतु घरोघरी पोहोचले ते नाव, आणि तेही अंड्यातून उडी मारून बाहेर येणाऱ्या अमिताभच्या चेहऱ्याने. 'कॉन्सर्टो इन राग सारंग' आपल्यापैकी किती जणांनी ऐकली आहे? माझ्या मते, स्मारकाने नाव राखले आणि काम हरवू दिले, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

पारितोषिके सर्वत्र वाया जातात असे नव्हे. पियानोवादक थेलोनियस मंक 1982 मध्ये वारले. त्यांच्या नावाची संस्था 1986 मध्ये निघाली आणि 1987 पासून तरुणांची स्पर्धा सुरू झाली. तीत 1991 साली जिंकलेले जोशुआ रेडमन पुढे नामवंत झाले. परंतु मला ह्या संस्थेचे खरे मोल वाटते ते 1995 पासून निवडक विद्यार्थ्यांना पूर्ण शिष्यवृत्तीवर एकत्र शिकवण्याच्या उपक्रमात. 2019 मध्ये मंक यांचे नाव जाऊन तिथे हर्बी हॅन्कॉक यांचे आले. शिकवणे चालूच राहिले. आपल्याकडे 2006 मध्ये चाळिशीच्या आतील कलावंतांसाठी बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार सुरू झाला. तो जरूर असावा, पण जो ठरलेल्या वाटेवर बराच पुढे आला आहे त्यालाच तो गाठतो. वाटेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पोराचे काय?

वास्तविक हा विचार आम्हा वर्धेकरांना परका नसावा. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षणपरिषदेतून जी नयी तालीमची योजना निघाली, तिच्या अभ्यासक्रमात संगीत हा विषय होता, आणि तो वर्गातल्या सर्व मुलांसाठी होता. मेस्तची शाळा आणि ही योजना यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. दोघींनी मुले आधी शिकवायची ठरवले, एवढेच साम्य. मला ते पुरेसे वाटते.

आमच्या धर्मग्रामात दिवंगत आजोबांच्या नावे देणगी आली की अजूनही पहिली चौकशी ढालींच्या दुकानाची होते. त्याच रकमेतून आठवड्याच्या दोन संध्याकाळी स्वरलिपी शिकवणाऱ्याचे मानधन द्यावे. आजोबांचे नाव हवेच असेल तर ते वर्गाच्या दारावर लिहावे. त्या मुलाकडे व्हायोलिन अजून आहे. त्याला फक्त दोन तारा नव्या घालाव्या लागतील.