वाचणारा हात आणि त्याची घडी

प्रथिन डीएनएवरची अक्षरं ओळखतं कसं, यावर सीमन, रोझेनबर्ग आणि रिच यांचा १९७६चा शोधनिबंध आजही वाचावा असा आहे. म्हणणं साधं: डीएनएच्या रुंद खोबणीत ग्वानिनची कड उघडी असते, तिच्याशी आर्जिनिन दोन हायड्रोजन बंध जुळवू शकतं. ॲडेनिनशी ॲस्परॅजिन किंवा ग्लुटामिन. पुढे स्फटिकरचनांत या जोड्या खरोखर सापडल्या. माझी तक्रार निबंधाबद्दल नाही, आपण त्याचा शब्दकोश करून टाकला त्याबद्दल आहे. अमुक ॲमिनो आम्ल म्हणजे अमुक अक्षर, झालं! १९८८ साली ट्रिप्टोफॅन रिप्रेसरची रचना आली, तर तिथं बहुतेक काम मधले पाण्याचे रेणूच करताना दिसले. तरी शिकवण्यात शब्दकोश टिकलाच.

आता पी५३ बघा. कर्करोगात सगळ्यात जास्त वेळा बिघडलेलं सापडतं ते याचं जनुक. १९९४मध्ये त्याची डीएनएसकट रचना मिळाली. २७३ क्रमांकाचं आर्जिनिन डीएनएच्या कण्याला धरतं, अक्षराला नाहीच. २४८वं अरुंद खोबणीत शिरतं. आणि १७५वं? ते डीएनएला शिवतसुद्धा नाही. जस्ताच्या अणूजवळ बसून प्रथिनाची घडी सांभाळतं. ते बदललं की वाचणारा हातच लुळा. शब्दकोशात या १७५ला जागा नाही, रुग्णांच्या गाठींत मात्र हा बदल वारंवार सापडतो. औषध शोधणाऱ्याला तर हा फरक टाळताच येत नाही: १७५मध्ये आधी घडी परत बसवायला हवी, २७३मध्ये घडी बरीचशी शाबूत असते, सुटलेली असते ती पकड.