पुच्छकुळातील बिनशेपटीचा

फुलपाखरांच्या कुळांना मराठी नावे मिळाली, याची दखल साहित्याच्या वाचकानेही घ्यावयास हवी. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाच्या पुढाकाराने सिद्ध झालेल्या नामावलीत पुच्छ, पीतश्वेत, नीळ, चपळ, कुंचलपाद अशी कुळनामे आहेत. आपल्या मुलांना आजवर इंग्रजी नावांखेरीज गत्यंतर नव्हते. त्यामुळे या उपक्रमाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु कुळाचे नाव म्हणजे नुसती चिठ्ठी नव्हे. नेमके काय पाहावे, हे त्याने सांगावयास हवे. या कसोटीला सगळीच नावे उतरत नाहीत.

'कुंचलपाद' हे मला सर्वांत सरस वाटते. कीटकाला सहा पाय, असे शाळेत शिकवतात. या कुळातील फुलपाखरू मात्र चारच पायांवर उभे दिसते. पुढची जोडी आखूड, केसाळ कुंचल्यासारखी, छातीशी दुमडलेली असते. शब्द जड आहे खरा. पण अर्थ उमगला की नजर आपोआप पायांकडे वळते.

'पुच्छ' मात्र फसवे. 2015 साली राज्य फुलपाखराचा मान मिळालेले नीलवंत याच कुळातले, आणि त्याच्या पंखांना शेपटीच नाही! उलट नीळ कुळातील कित्येक चिमुकल्यांना नाजूक शेपट्या असतात. मूळ दोष इंग्रजी नावाचा. आपण तो तसाच उचलला. (उत्पत्तीच्या पुस्तकात आदामाने प्राण्यांना नावे दिली, तेव्हा त्याच्यापुढे इंग्रजी यादी नव्हती.) या कुळाची खरी खूण पुण्यातल्या अंगणातील लिंबावर किंवा कढीपत्त्यावर सापडते. अळीला काडीने हळूच डिवचले की डोक्यामागून दुभंगलेले, उग्र वासाचे मऊ शिंग बाहेर येते. ही खूण कुळातील साऱ्या अळ्यांत आढळते. शेपटीचे तसे नाही.

नीलवंताला आरंभी 'राणी पाकोळी' म्हटले गेले होते. ते मागे पडले हे बरे झाले, कारण पाकोळी हे एका पक्ष्याचेही नाव. पाकोळी आणि भिंगरी आकाशात सारख्याच भासतात. पण भिंगरी तारेवर बसते, तर चारही बोटे पुढे वळलेल्या पाकोळीला तसे बसताच येत नाही. दोघींची कुळे भिन्न, आणि लोकभाषेने त्यांना नावेही वेगळी दिली. लोकभाषा नेहमीच अचूक असते असे नाही. 'वेडा राघू' केवळ हिरव्या रंगामुळे राघू ठरला, चोचीकडे कोणी पाहिले नाही.

नामावली पुन्हा छापताना प्रत्येक कुळनामाशेजारी पाय, चोच वा अळी यांपैकी जी खूण पक्की असेल, तिचे लहानसे रेखाचित्र द्यावे. 'पुच्छ' बदलणे आता अवघड असेल, तर निदान त्याच्यापुढे त्या शिंगाचे चित्र तरी असावे.