विज्ञानाच्या तासातील ‘बुद्धिमान रचना’ : डोव्हर निकालपत्राचे परीक्षण

मानवाच्या उगमाविषयीच्या धर्मश्रद्धांना विज्ञानाच्या तासाला स्थान असावे काय, या प्रश्नाची सविस्तर न्यायालयीन चिकित्सा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील डोव्हर येथील खटल्यात झाली. तेथील शाळामंडळाने ऑक्टोबर २००४ मध्ये ठराव केला. त्यानुसार नववीच्या विद्यार्थ्यांना उत्क्रांती शिकविण्यापूर्वी एक निवेदन ऐकविण्याचे ठरले. डार्विनचा सिद्धांत ही वस्तुस्थिती नव्हे, असे त्यात म्हटले होते आणि ‘बुद्धिमान रचना’ या पर्यायी मताचे पुस्तक सुचविले होते. विज्ञानशिक्षकांनी ते वाचण्यास नकार दिला. अखेर प्रशासकांनी ते वाचले. अकरा पालक न्यायालयात गेले. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायमूर्ती जॉन जोन्स यांनी ठराव घटनाबाह्य ठरविला.

निकालपत्राचा सर्वांत भक्कम भाग पुस्तकाच्या मसुद्यांविषयीचा आहे. ‘सृष्टिनिर्मिती विज्ञान’ शिकविण्याची सक्ती करणारा लुइझियानाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये रद्द केला. त्यानंतरच्या मसुद्यांत ‘सृष्टिनिर्मिती’च्या जागी ‘बुद्धिमान रचना’ हा शब्दप्रयोग आला. व्याख्या मात्र तीच राहिली. एके ठिकाणी तर घाईने केलेल्या बदलात जुना आणि नवा शब्द एकमेकांत अडकून राहिला होता!

एवढ्या पुराव्यावर हेतू सिद्ध होत असताना ‘बुद्धिमान रचना’ विज्ञान आहे की नाही, हे न्यायालयाने ठरवावे काय, असा आक्षेप घेतला जातो. परंतु दोन्ही पक्षांनी तज्ज्ञांच्या साक्षी त्याच प्रश्नावर दिल्या होत्या. उलटतपासणीत मायकेल बीही यांना आपल्या व्यापक व्याख्येत फलज्योतिषही बसते, हे मान्य करावे लागले. भारतीय वाचकाला येथे विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये पुरस्कारलेले ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम आठवतील. २००४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हा शैक्षणिक तज्ज्ञांचा विषय मानून हस्तक्षेप नाकारला. त्या संयमाच्या तुलनेत जोन्स यांची चिकित्सा अधिक समाधानकारक वाटते. पुरावा समोर असताना त्यांनी प्रश्न टाळला नाही.

निवेदनाची सारी मदार मात्र एका शब्दावर होती. इंग्रजी व्यवहारात ‘थिअरी’ म्हणजे अंदाजही होतो. मराठीत ‘सिद्धांत’ म्हणजे पूर्वपक्षाचे खंडन करून प्रस्थापित झालेला निष्कर्ष. ‘केवळ सिद्धांत’ हा जवळजवळ वदतोव्याघातच. तरीही मराठी वर्गांत इंग्रजी आक्षेप जसाच्या तसा ऐकू येतो, ही गोष्ट भाषाशिक्षकांनीही लक्षात घ्यावी अशी आहे.

डोव्हरची कसोटी येथे पुरेशी पडत नाही, याचे कारण वेगळे आहे. ती कसोटी अभ्यासक्रमात काय घातले, हे तपासते. २०२३ मध्ये एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या सुधारित पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग अभ्यासभार कमी करण्याच्या कारणाने वगळला गेला. त्याजागी कोणतीही धर्मश्रद्धा आली नाही, त्यामुळे तशी हरकत घेण्यास जागाही उरली नाही. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय राहिला. पण दहावीनंतर वाणिज्य वा कला शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यासाठी विज्ञानाचा तास तेथेच संपतो.