फीत, संगणक आणि गाण्यातला काळ

आजचा विषय जरा यंत्रांचा आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसानं यात कशाला पडावं, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. पण थोडा धीर धरा.

1990 नंतरच्या दशकात लहान स्टुडिओवाल्यांपुढे एक प्रश्न होता: गाणं डिजिटल टेपवर घ्यायचं की थेट संगणकावर? या प्रश्नावर आजवर जे लिहिलं-बोललं गेलं, त्यातला बराचसा वाद आम्हाला चुकीच्या जागी घातलेला वाटतो. ‘टेपचा आवाज उबदार, संगणकाचा कोरडा’ हे वाक्य घ्या. चुंबकीय फितीवर ध्वनीची लहर थेट उतरते, त्या जुन्या अ‍ॅनलॉग टेपबद्दल त्यात काही तथ्य आहे. डिजिटल टेपवर मात्र लहर नसतेच, आकडे असतात. तेच आकडे फितीवर ठेवले काय नि डिस्कवर ठेवले काय! सातबारा मोडीत लिहिला म्हणून शेत मोठं होत नाही. ध्वनीचे आकडे करणारा भाग चांगला की वाईट, यानं फरक पडतो. पण तो फितीचा गुण नव्हे.

जाता जाता एक गंमत सांगतो. सीडीवर सेकंदाला 44,100 नमुने असतात. माणसाचा कान साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो, त्याच्या दुपटीहून थोडं जास्त हवं, इतकं कानानं ठरवलं. नेमका आकडा आला व्हिडिओ टेपमधून. सुरुवातीला हे आकडे व्हिडिओच्या फितीवर साठवत. एका रेषेत 3 नमुने, 245 रेषा, सेकंदाला 60 क्षेत्रं. गुणाकार करून पाहा.

आता खर्चाचं. ते लवकर उरकू. अलेसिस कंपनीचं एडॅट हे यंत्र 1992 साली बाजारात आलं. साध्या एस-व्हीएचएस कॅसेटवर 8 ट्रॅक, सुमारे 40 मिनिटं, किंमत 4,000 डॉलरच्या आत. ट्रॅक कमी पडले तर यंत्राला यंत्र जोडत जा, 16 यंत्रांपर्यंत. त्याच्या आदल्या वर्षी आलेलं प्रो टूल्स 4 ट्रॅकचं होतं आणि महाग होतं. शिवाय 8 ट्रॅकचं एक मिनिट म्हणजे सुमारे 46 मेगाबाइट; 40 मिनिटांना पावणेदोन गिगाबाइटच्या वर. त्या काळात एवढी डिस्क कुणाच्या घरी होती? तेव्हा ज्यांनी टेप घेतली त्यांनी शहाणपणाच केला.

खरा फरक पुढेच आहे. एडॅटवर एखादी ओळ पुन्हा गायची तर ‘पंच-इन’ करायचं, म्हणजे जुन्यावर नवं. त्या ट्रॅकवरचं जुनं गेलं ते गेलंच. संगणकावर जुनं राहतं. बदल म्हणजे नुसती सूचना असते, हा तुकडा इथे वाजव, तो तिथे. टेप मागे न्यायला वेळ लागतो, संगणकावर एका टिचकीत तिसऱ्या अंतऱ्यावर. बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञानं 1889 च्या आपल्या प्रबंधात म्हटलं होतं, की आपण अनुभवलेल्या काळाला जागेचं रूप देतो, त्याचे तुकडे शेजारीशेजारी मांडतो, आणि मग त्यालाच काळ समजतो. संगणकाचा पडदा दुसरं काय करतो? गाणं डावीकडून उजवीकडे पसरलेलं, चौकटींच्या जाळ्यात. ऐकायची वस्तू बघायची झाली.

इथे कुणी म्हणेल, कापाकापी काय संगणकानं आणली? नाही आणली. ग्लेन गूल्डनं 1964 साली मैफली सोडल्या आणि फितीचे तुकडे जोडणं हे कलावंताचं हक्काचं काम आहे असं ठामपणे मांडलं. त्याचं आम्हाला पटतं. पण गूल्ड कुठे कापायचं ते कानानं ठरवत होता. पडद्यावर डोळा ठरवतो. आक्षेप आहे तो इथे!

आमच्या परिचयातली एक तरुण गायिका आहे. विलंबित ख्यालात ती समेवर किंचित रेंगाळून येते; गुरूंकडून आलेली चाल आहे ती. ध्वनिमुद्रकाला पडद्यावर ते ‘मागे पडलेलं’ दिसलं, आणि त्यानं चांगल्या हेतूनं प्रत्येक सम रेषेवर सरकवून दिली. तिनं ऐकलं आणि म्हणाली, “सर, हे मी गायलेच नाही.” गळा तिचा, सूर तिचे, शब्दही तिचे. तरी ती खरं बोलत होती. गाणं हे सुरांच्या बेरजेत नसतं, ते दोन सुरांमधल्या वाट पाहण्यातही असतं. हे वाट पाहणं दुरुस्त केलं तर कर्ता कोण उरला? ही चर्चा आपण कर्तृत्वावरच्या व्याख्यानात केली होती, तिथली ती सगळी सूक्ष्मता या एका वाक्यापुढे आम्हाला फिकी वाटली.

मग काय, टेपकडे परतायचं? मुळीच नाही. टेपची भक्ती करणारे एक विसरतात: अ‍ॅनलॉग फीत हळूहळू म्हातारी होते, डिजिटल फीत बराच काळ ठणठणीत वाटते आणि एके दिवशी मुकी होते. चुका सावरणारी यंत्रणा सावरता येईल तोवर सावरते, पुढे काहीच नाही. गूल्डचं 1981 चं गोल्डबर्ग व्हेरिएशन्स घ्या. ते डिजिटलवर मुद्रित झालं, त्या वेळी तो मिरवण्याचा भाग होता. 2002 साली नव्यानं काढताना मात्र सोबत चालू ठेवलेल्या अ‍ॅनलॉग फिती वापरल्या गेल्या. नवं ते टिकाऊ, असं गृहीत धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आज कुणी विचारलं तर आम्ही संगणकच सुचवू. दोन अटींवर. पसंत-नापसंत ठरवताना पडदा बंद ठेवा, गाणाऱ्याला शेजारी बसवा. आणि काम संपल्यावर प्रत्येक ट्रॅक पहिल्यापासून शेवटपर्यंत साध्या वेव्ह फाइलमध्ये उतरवून दोन जागी ठेवा. कारण आजचा प्रकल्प उघडणारं सॉफ्टवेअर वीस वर्षांनी असेलच असं नाही. ज्यांच्या कपाटात नव्वदीतल्या एडॅटच्या कॅसेटी पडून आहेत, त्यांनी तर ती वाजवणारं यंत्र कुठे चालू स्थितीत मिळतंय तोवर, म्हणजे याच महिन्यात, त्या उतरवून घ्याव्यात.