वर्तणूक : चांगली

कर्जत-खालापूर भागातील शाळांच्या स्मरणिका अधूनमधून आमच्या हाती पडतात. कुणाचा रौप्यमहोत्सव, कुणाचे सुवर्णमहोत्सवी वर्ष. मुखपृष्ठावर इमारत, आत आमदारांचा शुभसंदेश, मग पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे, जाहिराती आणि कुठेतरी शेवटाकडे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे पान. आम्ही ते पान आधी उघडतो. शिक्षक ‘विद्यार्थिप्रिय’ असतात, लिपिक ‘मनमिळाऊ’, शिपाई ‘प्रामाणिक’. नावांची अदलाबदल केली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. एखादा विद्यार्थी गेला असेल तर ‘क्रूर काळाने झडप घातली’. काळाविषयी एवढे कळते; मुलाविषयी काही कळत नाही.

या लेखनाचे मूळ शाळेच्या दप्तरातच असावे असे आम्हाला वाटते. जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव, आईचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस, शाळा सोडल्याचे कारण आणि शेवटी शेरा असे रकाने असतात. त्यांत एक रकाना वर्तणुकीचा. तिथे सर्वांपुढे एकच शब्द : चांगली. दाखल्यापुरते ते ठीक आहे, कुणाचे पुढचे शिक्षण अडायला नको. पण स्मरणलेखही त्याच रकान्यात बसवला तर काय उरते?

हा प्रश्न खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री फार जवळ आला. चौकच्या वर, इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची वाडी, वर जायला पायवाट, त्यामुळे यंत्रे चढलीच नाहीत. माणसांनी फावड्यांनी चिखल उपसला. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. वाडीतल्या शाळेत रात्री बसलेल्या काही मुलांना आवाज ऐकू आला आणि त्यांनी हाका मारल्या, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. आश्रमशाळांत राहायला असलेली वाडीची मुले वाचली. त्यांतल्या काहींचे आईबाप गेले. त्यानंतर पुष्कळ लिहिले गेले : पुनर्वसनावर, दरडप्रवण गावांच्या यादीवर, मंत्र्यांच्या भेटीवर. ते आवश्यकच होते. पण त्या मजकुरातून ८४ ही संख्या सोडून एक तरी माणूस वाचकाच्या मनात राहिला का? बाकावर शेजारी कोण बसायचे, पाढे कुणाचे अडायचे, पावसात पायवाटेवर धाकट्याला पाठीवर कोण घ्यायचे, हे कुणी विचारल्याचे आमच्या वाचनात नाही.

याच मातीला स्मरण जमत नाही असे मुळीच नाही. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील शहीद झाले; ती तारीख कर्जत तालुका विसरलेला नाही. मात्र शेतकऱ्यांच्या मुलांसाठी कोतवालांनी काढलेल्या शाळांत शिकवणारे कोण होते, हे आम्ही अजून कुठल्या भाषणात ऐकलेले नाही. हुतात्म्याला चरित्र मिळते, मास्तराला विशेषण.

आपल्यापैकी काहीजण म्हणतील, मय्यतीचे चांगलेच सांगावे ही तर आपली शिकवण आहे. खरे आहे. मृतांच्या भल्या गोष्टी सांगा, उणी काढू नका, या आशयाची हदीस इमाम तिरमिझींच्या संग्रहात आहे. पण गंमत अशी की, ती नोंदवल्यावर तिरमिझींनी लगेच तिच्या एका रावीविषयी इमाम बुखारींचे प्रतिकूल मतही नोंदवून ठेवले आहे. मृतांना वाईट बोलू नये हा आदेश भक्कम रिवायतींतही आहेच, त्याविषयी वाद नाही. मुद्दा वेगळा आहे. ज्या परंपरेने जीभ आवरायला सांगितले, तिनेच अस्माउर्रिजाल हे शास्त्र उभे केले : अमुक माणूस कुठे जन्मला, कुणाकडे शिकला, कुठे प्रवास केला, उतारवयात त्याची स्मरणशक्ती दगा देऊ लागली का. हजारो साध्या माणसांचे तपशील त्यात जपले गेले. अदब आणि तपशील यांचे वैर आपल्याकडे कधी नव्हते.

उर्दू खाक्यात, म्हणजे व्यक्तिचित्रात, हेच दिसते. बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांच्या ‘चंद हमअस्र’मध्ये मोठमोठ्या मंडळींच्या रांगेत ‘नामदेव माली’ आहे. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याच्या बागेतला हा माळी, त्या काळी अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातीचा, निपुत्रिक. हक साहेबांचे घर त्याच आवारात होते. काम करता करता खिडकीतून तो त्यांना दिसायचा. रोप लावून मागे सरकून बघणारा, दुष्काळात रात्री दुरून पाणी वाहून आणणारा, बक्षीस देऊ केले तर स्वतःची लेकरे वाढवल्याबद्दल बक्षीस कसले म्हणून नाकारणारा. मधमाश्या उठल्या, इतर पळाले, हा कामात राहिला आणि त्यातच गेला. ‘प्रामाणिक’ म्हणून मोकळे न होता लेखकाने आधी त्याचे हात आपल्याला दाखवले. रशीद अहमद सिद्दीकींनी अलीगढच्या कॉलेजात घंटा देणाऱ्या कुंदनवर लिहिले, तेही याच जातीचे लेखन. शिपायाला दोन ओळी देणाऱ्या आमच्या स्मरणिकांच्या संपादकांनी हे दोन लेख एकदा वाचावेत.

सामूहिक मृत्यूत हे जमत नाही, माणसे फार असतात, ही सबबही टिकत नाही. पेशावरच्या शाळेत १६ डिसेंबर २०१४ रोजी झालेल्या हत्याकांडानंतर ‘डॉन’ या पाकिस्तानी वृत्तपत्राने १४४ मृतांची एकेकाची वेगळी नोंद केली. मुलांबरोबर शिक्षक आणि कर्मचारीही त्यात आहेत. कोण काय खायचा, कुणाला काय व्हायचे होते, घरच्यांच्या तोंडून विचारून घेतलेले. एकेक नोंद लहान आहे, क्वचित तीही गोडगोड होते. पण नावांची अदलाबदल तिथे करता येत नाही.

आता आपल्या घरात बघू. आपल्या जमातींच्या शाळा-मदरशांच्या अंकांतले ‘मरहूम’ पान वेगळे असते का? ‘अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो’ ही दुआ असतेच, असावीच. त्याआधी मात्र दोन ओळींत दीनदार, मिलनसार, समाजसेवक. आणि बाईविषयी असेल तर ‘अमुक साहेबांच्या अहलिया’. वीस वर्षे बालवाडीत कुरआनची पहिली अक्षरे गिरवून घेणाऱ्या बाईचे नाव छापायला आम्ही बिचकतो. रावींच्या यादीत बायकांची नावे शेकड्यांनी आहेत, हे मात्र अभिमानाने सांगतो. या वार्षिकाच्या श्रद्धांजलीच्या पानांतूनही अशी उदाहरणे काढता येतील. त्यात आमचा हात नाही असे आम्ही म्हणणार नाही.

इर्शाळवाडीच्या त्या ५७ जणांना दफनही मिळाले नाही. त्यांच्याबरोबर शिकलेली, आश्रमशाळेत होती म्हणून राहिलेली मुले आता मोठी होत आहेत. लिहायचे तर त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे लागेल, आणि त्यांच्या ठाकरी बोलीत; शिक्षकांनी शुद्धलेखन तपासायला घाई करू नये. कुणी भांडखोर होता, कुणी पेन्सिली चोरायचा, असेही त्यात येईल. येऊ द्यावे. कर्जतच्या किंवा खालापूरच्या एखाद्या शाळेने पुढच्या स्मरणिकेत अशी चार पाने घातली, तर छपाईसाठी जाहिरात द्यायला नेरळ-खोपोलीचे आपले दुकानदार पुढे येतील, एवढे आम्ही खात्रीने सांगतो. संपादकांनी शुभसंदेशाचे एक पान कमी करावे.